पट्ट्याची बाजू

जगात काही निरपराध जीव जन्मभर दुसऱ्याच्या पापाची शिक्षा भोगत असतात. त्यांच्या यादीत मी मोटारीच्या फॅनबेल्टचं नाव फार वर घालतो. सकाळी गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून "कींऽऽऽ" अशी किंकाळी आली, की सगळे बेल्टवर तुटून पडतात. ओरडला ना तो? मग गुन्हेगारही तोच! मध्यरात्री "चोर, चोर" म्हणून जो ओरडला त्यालाच धरून चौकीवर बसवावं, तसला हा न्याय. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या गाडीचा बेल्ट पुन्हा पुन्हा ओरडतो तो बहुतेक वेळा पुलीच्या नावानं. पुली वाकडी बसलेली असते. पण ती लोखंडाची, त्यामुळं वाकडी असूनही गप्प राहू शकते. बेल्ट बिचारा रबराचा. त्याला बोलल्यावाचून राहवत नाही.

ज्यांना जुनी गाडी बाळगण्याचं व्यसन नाही, अशा सुखी माणसांसाठी थोडा खुलासा करतो. जुनी फियाट, म्हणजे १९७४ पासून जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले ती, किंवा अँबॅसडर, यांच्या इंजिनाच्या तोंडाशी तीन पुली असतात. एक क्रँकची, ती इंजिनाबरोबर फिरते आणि बाकीच्यांना फिरवते. दुसरी वॉटरपंपाची, तिच्याच डोक्यावर पंखा बसवलेला. तिसरी डायनॅमोची, पुढच्या काळात अल्टरनेटरची. म्हणजे एक कमावता आणि दोन खाणारे, असं हे आपल्यासारखंच मध्यमवर्गीय कुटुंब आहे, आणि त्या तिघांना धरून ठेवणारा बेल्ट मात्र एकच. घरात हे काम कोण करतं ते सांगायला नको; आणि आवाज चढला की बोल कुणाला लागतो, तेही सांगायला नको. (हे वाक्य आमच्या घरात वाचून दाखवलं. ते योग्य असल्याचा निकाल स्वयंपाकघरातून ताबडतोब मिळाला.)

हा बेल्ट आडवा कापून पाहिला तर पाचरीसारखा दिसतो. वर रुंद, खाली निमुळता. पुलीची खाचही त्याच आकाराची. पुष्कळांना वाटतं, बेल्ट खाचेच्या तळाशी बसतो आणि तळाला धरून ओढतो. तसं मुळीच नाही. तळाला तो टेकताच कामा नये. तो दोन्ही भिंतींच्या मध्ये पाचर मारल्यासारखा बसतो आणि त्या भिंतींना धरून काम करतो. याचा अर्थ, बेल्टचं सगळं बळ त्याच्या दोन बाजूंत आहे. त्याची बाजू घ्यायची ती एवढ्यासाठी.

आता या तीन पुली एका रेषेत नसल्या तर काय होईल? बेल्ट एका खाचेतून निघेल तो सरळ, आणि दुसऱ्या खाचेत शिरेल तो तिरका. लाकडी कपाट दारातून तिरकं नेताना चौकटीला कसं घासतं, ते घर बदललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कपाट तरी एकदाच न्यायचं असतं. बेल्टला हे मिनिटाला शेकडो वेळा करावं लागतं. एका भिंतीला तो आधी घासतो, क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, परत सुटतो. या चिकटण्या-सुटण्याचाच आवाज होतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही नेमकं हेच घडतं. फरक एवढाच, की तिथं आपण तिकीट काढून बसतो.

एवढी साधी गोष्ट. पण या आवाजावर आपल्या देशात चार पंथ आहेत, आणि चारही पंथांनी बेल्टचाच छळ मांडलेला आहे. माझं भांडण या चौघांशी आहे.

पहिला पंथ साबणवाल्यांचा. गाडी ओरडली की हे लोक मोरीतून धुण्याच्या साबणाची वडी आणतात आणि बेल्टला लावतात. काही जण राळ लावतात, काही जण दुकानात मिळणारा चिकट फवारा मारतात. ही विद्या मुळात वाईट नाही. फक्त पत्ता चुकलेला आहे. ती आली पिठाच्या गिरणीतून. गिरणीचा पट्टा सपाट, कातड्याचा नाहीतर कॅनव्हासचा. तो पुलीवर नुसता पाठीनं बसतो, म्हणून घसरू नये यासाठी गिरणीवाला त्याला राळ लावायचा, आणि बरोबर करायचा. शिवाय सपाट पट्ट्याच्या पुलीला मध्यावर किंचित फुगवटा असतो. पट्टा जरा इकडे-तिकडे सरकला तर त्या फुगवट्यामुळं आपला आपण मध्यावर येतो. थोडा वाकडेपणा तो पोटात घालू शकतो. आपल्या गाडीच्या पाचरपट्ट्याचं घराणंच वेगळं. त्याला खाचेत कोंडलेलं. सरकायला जागा नाही. त्याला राळ फासली तर ती रस्त्यावरची धूळ गोळा करते आणि खाचेत काळं लुकण तयार होतं. साबण लावला तर त्याहून गंमत : बेल्ट घसरायचा थांबत नाही, तो आता निमूटपणे घसरतो! डायनॅमो पुरेसा फिरत नाही, पाणी पुरेसं फिरत नाही, पण आवाज बंद. रोग्याच्या तोंडात बोळा कोंबून "आता कण्हत नाही, म्हणजे बरं वाटतंय" असं म्हणणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू? तेच मी साबणवाल्यांना म्हणतो.

दुसरा पंथ कसणाऱ्यांचा. हा सर्वांत मोठा पंथ असून त्याच्या शाखा प्रत्येक नाक्यावर आहेत. बॉनेट उघडण्याच्या आतच निदान होतं : "साहेब, फॅनबेल्ट ढिलाय. कसून देतो." लगेच एक टॉमी येते, ती डायनॅमो आणि इंजिन यांच्यामध्ये घुसते, एक जण सगळं अंग टाकून ती रेटतो, दुसरा बोल्ट आवळतो, आणि बेल्ट गप्प! मला याचं एक नवल वाटतं. पन्नाशीच्या माणसाला सगळे डॉक्टर सांगतात, ताण कमी करा. पन्नाशीच्या गाडीला मात्र सगळ्यांचा एकच सल्ला, ताण वाढवा.

वास्तविक ताणाचं मोजमाप सोपं आहे. दोन पुलींमधला बेल्टचा जो सर्वांत लांब भाग असेल, त्यावर मध्यावर अंगठ्यानं बऱ्यापैकी दाबायचं. साधारण अर्धा इंच खाली गेला तर ठीक. एका गॅरेजात माझ्या गाडीचा बेल्ट असा कसून मिळाला, की त्यावर तंबोऱ्याचा षड्ज लागला असता. अंगठा दुखला, बेल्ट हलला नाही. आवाज मात्र थांबला होता, आणि त्याबद्दल त्यांनी पैसे घेतले. हा जादा ताण जातो कुठं? तो जातो वॉटरपंपाच्या आणि डायनॅमोच्या बेअरिंगवर. रात्रंदिवस कुणीतरी कान पिरगाळून धरावा तशी ती बेअरिंगं एका बाजूला ओढली जातात. यथावकाश माझ्या वॉटरपंपाच्या बेअरिंगनं राम म्हटला, पंप गळू लागला, आणि त्याच गॅरेजनं मला मोठ्या सहानुभूतीनं सांगितलं, "काय करणार साहेब, जुनी गाडी!" बेल्ट फुकट ओरडत होता तो गप्प करण्यासाठी आम्ही पंपाचे पैसे मोजले. याला आमच्याकडे व्यवहार म्हणतात.

तिसरा पंथ बदलणाऱ्यांचा. ओरडतोय? काढा, फेका, नवा घाला. नवा बेल्ट आठवडाभर नव्या जावयासारखा वागतो. पुढं त्याचीही एक बाजू झिजून चकचकीत होते, कडेचे धागे सुटतात आणि तो थोरल्या भावाच्या आवाजात गाऊ लागतो. मग तिसरा. एकाच खोलीतून "छप्पर गळतं" म्हणून तीन भाडेकरू निघून गेले, तर शहाण्यानं चौथा भाडेकरू शोधावा की शिडी लावून छपरावर चढावं? पण बेल्ट बदलायला फार वेळ लागत नाही, आणि छपरावर चढायला आधी तीन भाडेकरू खोटं बोलत नव्हते हे कबूल करावं लागतं. तिथं घोडं पेंड खातं.

चौथा पंथ मालकांचा. या पंथावर माझा सर्वांत जास्त राग आहे, कारण ही माझी माणसं. हे लोक गाडीवर जीव टाकतात. बंपरला नव्यानं क्रोम चढवतात, सीटना मूळ रंगाचं रेक्झिन शोधत गावोगाव फिरतात, रॅलीच्या आदल्या रात्री मलमलीच्या फडक्यानं बॉनेट पुसतात. आणि त्याच बॉनेटखालून किंकाळी आली की कौतुकानं म्हणतात, "जुनी आहे हो, बोलणारच!" जणू काही किंचाळणं हा म्हातारपणाचा मान आहे. अहो, कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची ती काही किंचाळत नव्हे! २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी द्यायचा नियम केला आणि गाडी मूळ रूपात असावी अशी अट घातली. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून त्या पंगतीत बसू लागल्या आहेत. मूळ रूप, मूळ रूप म्हणून आपण चाकाच्या टोपीवरच्या अक्षरांसाठी भांडतो. मग तिन्ही पुली एका रेषेत असणं, हे गाडीचं सर्वांत मूळ रूप नव्हे काय?

आता तुम्ही म्हणाल, सगळा दोष पुलीचाच का? बेल्टही कधी ढिला पडतच असेल, म्हातारा होत असेल, तेल पिऊन फुगत असेल. असेल ना! मी त्याचा वकील आहे, भाट नव्हे. म्हणून तर म्हणतो, आधी त्याची जबानी नीट ऐका. बेल्ट दोन भाषा बोलतो. सेल्फ मारल्या मारल्या, किंवा दिवे लावून गाडीला रेस दिली की लांबलचक किंकाळी येत असेल, तर तो ताणाची, म्हणजे घसरण्याची तक्रार आहे. कारण तेव्हा डायनॅमोवर बोजा जास्त असतो. पण गाडी नुसती उभी असताना "चिक् चिक् चिक्" अशी चिमणीसारखी तालात चिवचिव येत असेल, तर पुलीची रेष तपासा. फिरत्या बेल्टच्या आतल्या अंगावर लांबूनच चार थेंब पाणी उडवायचं, अशीही एक परीक्षा आहे. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. क्षणभर गेला आणि पाणी सुकताच परत आला तर पुली वाकड्या. आणि इंजिन बंद करून बेल्टच्या बाजू पाहा. एकच बाजू घासलेली, आजूबाजूला रबराची काळी पूड पडलेली, म्हणजे याहून जास्त पुरावा कोर्टालाही लागत नाही.

हे मला शिकवलं ते एका बोळातल्या वृद्ध फिटरनं. त्याच्याकडे उपकरण म्हणाल तर गवंड्याकडे असतो तसला सुताचा दोरा. इंजिन बंद, बॅटरीची तार काढलेली. त्यानं दोऱ्याचं एक टोक क्रँकच्या पुलीच्या तोंडाशी धरायला मला सांगितलं, दुसरं आपण डायनॅमोच्या पुलीपलीकडे ताणून धरलं, आणि एक डोळा मिटून पाहत म्हणाला, "बेल्टाला कशाला मारता साहेब? त्यो साक्षीदार हाय." दोरा क्रँकच्या पुलीला दोन्ही कडांवर टेकत होता, डायनॅमोच्या पुलीला मात्र एकाच कडेवर टेकून दुसरीकडे उजेड दिसत होता.

मराठीत आपण म्हणतो, दोघांचं सूत जुळत नाही. ही म्हण करणाऱ्यानं फॅनबेल्ट पाहिला नसणार, पण म्हण फॅनबेल्टचीच आहे. कारखान्यात 'सूत' हे मापही आहे : इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरला जरा जास्त. पाचरपट्ट्याला किती वाकडेपणा चालतो, याचा बेल्ट बनवणाऱ्यांनी दिलेला ठोकताळा अर्ध्या अंशाचा आहे. म्हणजे दोन पुली एकमेकींपासून फूटभर लांब असतील तर अडीच मिलिमीटरच्या आसपास. एक सूतसुद्धा नाही! आणि मोटारीत दोन पुलींमधलं अंतर पुष्कळदा फुटापेक्षाही कमी, त्या मानानं सूटही कमी. वाकडेपणाही दोन तऱ्हेचा. एक, पुली समांतर असूनही मागे-पुढे. दुसरा, पुलीनं मान तिरकी केलेली. पहिला निस्तरायला सोपा, दुसऱ्याच्या मागं बहुधा वाकलेली ब्रॅकेट, झिजलेलं भोक नाहीतर हलणारं बेअरिंग असतं. पंखा हातानं धरून हलवला आणि तो मान डोलावू लागला, तर दोरा गुंडाळून आधी पंपाकडे वळावं.

पण पुली वाकड्या होतातच कशा? पापं पुष्कळांची आहेत. पन्नास वर्षांत डायनॅमो कितीदा उतरला असेल. दर वेळी एखादा वॉशर घरंगळत गटारात गेला असेल आणि "एका वॉशरनं काय होतंय" म्हणून बोल्ट तसाच आवळला असेल. वॉशरच्या जागी फट राहिली की बोल्ट डायनॅमोचा कान ओढून घेतो. कान वाकतो, कधी तडकतो. कुणी डायनॅमो काढून दुसऱ्याच गाडीचा अल्टरनेटर बसवतो, त्याची पुली दोन सूत पुढं, खाचही वेगळ्या मापाची. कुणी बेल्ट चढवताना बोल्ट ढिला करण्याचा आळस करून पुलीच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो आणि कड मुडपून ठेवतो. यातलं एकही पाप बेल्टनं केलेलं नाही.

आणि प्रायश्चित्त तरी केवढं? त्या फिटरनं डायनॅमोच्या कानामागं एक जाड वॉशर घातला, परत दोरा लावला, अर्ध्या सुताचा पत्रा कापून आणखी एक चकती घातली, खाचेतलं काळं लुकण खरवडलं, बेल्ट चढवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, संपलं. दोन्ही पुलींच्या कडा सारख्या जाड नसतील तर नुसत्या कडांवर दोरा धरून भागत नाही, खाचेच्या मध्यापासून माप घ्यावं लागतं. तेही त्यानं घेतलं. तासाभराचं काम. गाडी सुरू केली तर चिमणी उडून गेलेली. पूर्वी ज्यांनी वॉटरपंपाचं बिल दिलं होतं त्यांना ही चकती दाखवावी, अशी मला फार इच्छा झाली. पण वाकड्या लोकांना सूत दाखवून उपयोग नसतो.

हा सगळा थट्टेचा विषय आहे, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा भर मे महिन्यात घाट चढताना बेल्ट तुटल्याचा अनुभव घ्यावा. एका बेल्टवर तिघांचा संसार आहे, हे वर सांगितलंच. तो तुटला की पंखा बंद, पाणी बंद, डायनॅमो बंद. समोर लाल दिवा लागतो. तो पाहूनही जो "वरपर्यंत पोहोचू" म्हणून गाडी रेटतो, त्याच्या इंजिनात पाणी उकळतं, हेडचं गॅसकेट जातं, हेड वाकतं. मग खर्चाचा आकडा ऐकून घरची मंडळी म्हणतात, "विका ती एकदाची." आणि जी गाडी आजोबांनी वर्षानुवर्षं नंबर लावून मिळवली ती भंगारवाल्याच्या ट्रकवर चढते. कारण काय, तर ती महिनाभर आधी सांगत होती आणि आपण तिला साबण लावत होतो.

म्हणून मला आताच भांडायची घाई आहे. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं, उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ साली. मुंबईची शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. या टॅक्सी होत्या तोवर प्रत्येक नाक्यावर पद्मिनीची नाडी पाहणारा कुणीतरी होता; टॅक्सीवाल्याला एक दिवस गाडी बंद ठेवणं परवडत नसे, त्यामुळं त्याला रोग शोधणारा माणूस लागे. आता या गाड्या आपल्यासारख्या रविवारच्या भक्तांच्या हाती उरल्या आहेत. आपण आवाज बंद करून घेण्याचे पैसे देऊ तर आवाज बंद करणारेच टिकतील. सूत धरणाऱ्याला पैसे देऊ तर सूत धरणारा टिकेल, आणि त्याच्या हाताखालचा पोरगाही एक डोळा मिटायला शिकेल.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बेल्टवरचा खटला काढून टाकावा. साबण मोरीत परत ठेवावा, टॉमी पेटीत घालावी, राळ गिरणीवाल्याला देऊन टाकावी. आणि पुढच्या वेळी बॉनेटखालून कुणी ओरडलं तर त्याला "गप्प बस" म्हणण्याआधी दोन हात लांब दोरा घेऊन यावं. एक टोक तुम्ही धरा. दुसरं धरायला घरातलं कुणीतरी लागेलच. तेवढ्या निमित्तानं तिथलंही सूत पाहून घ्यावं.